उलटतपासणी न झालेली साक्ष

छोट्या थरारकथेची गोडी कशात आहे, असं विचारलं की आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. लोकांना हल्ली वेळ नाही, हे पहिलं. शेवटी धक्का बसतो आणि धक्क्याची चटक लागते, हे दुसरं. पहिलं उत्तर बहुधा प्राध्यापकांकडून येतं, दुसरं प्रकाशकांकडून. दोघांच्याही मनात वाचकाविषयी थोडी कीव असते: बिचारा आळशी तरी आहे, नाहीतर नशेबाज तरी. मला ही दोन्ही उत्तरं वरवरची वाटतात.

मी बोलतो आहे ती सगळ्या थरारकथांबद्दल नाही. खून, चोरी किंवा भूत दुय्यम, आणि सांगणाऱ्याचं किंवा करणाऱ्याचं मन हेच खरं रहस्य, अशा आठ-दहा पानी कथेबद्दल बोलतो आहे. तिला आज सरसकट सायकॉलॉजिकल थ्रिलर म्हणतात. सोयीसाठी मी तिला मनोथरारकथा म्हणतो. शब्द जरा अवघडच आहे, पण चालवून घ्यावा.

माझं म्हणणं असं. मनोथरारकथा ही उलटतपासणी न झालेली साक्ष असते. साक्षीदार येतो, शपथेवर बोलल्यासारखा बोलतो आणि त्याला कोणी आडवे प्रश्न विचारायच्या आत पिंजऱ्यातून उतरून निघून जातो. राहिलेलं काम वाचकाच्या गळ्यात पडतं. गोडी आहे ती या गळ्यात पडलेल्या कामाची. भीती, धक्का, वेग ही त्या कामावर लावायची माणसं आहेत, मालक नव्हेत.

माझा पोटापाण्याचा संबंध साक्षीपुराव्याच्या कागदांशी आहे, तेव्हा ही उपमा मला सुचणं साहजिक आहे. पण ती उपमेपेक्षा जास्त आहे असं मला वाटतं, आणि ते टप्प्याटप्प्यानं मांडतो.

१. गिरडच्या टेकडीवरचे दोन व्यापारी

सुरुवात घरच्याच गोष्टीनं करू. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या समुद्रपूर तालुक्यात गिरड आहे. तिथल्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे आणि हिंदू-मुसलमान दोघंही तिथं जातात. टेकडीवर जे गोल गोल दगड सापडतात त्यांची एक आख्यायिका आहे. चार्ल्स ग्रँट यांनी संपादित केलेल्या १८७० च्या मध्य प्रांताच्या गॅझेटिअरमध्येही ती नोंदलेली आहे. दोन फिरते व्यापारी माल घेऊन चालले होते. त्यांनी फकिराची थट्टा केली. त्यांच्या नारळांचे आणि बाकी मालाचे दगड झाले. त्यांनी क्षमा मागितली, तेव्हा फकिरानं वाळक्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. ते इतके दिपले की कायमचे त्याच्या सेवेत राहिले. टेकडीवरच्या दोन कबरी त्यांच्याच, असं सांगतात.

या दगडांबद्दल भूगर्भशास्त्राचं वेगळं सांगणं आहे. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, पुढं त्या पोकळ्यांत झिओलाइट जातीची खनिजं साचतात, वरचा काळा दगड झिजून जातो आणि आतले गोळे मोकळे होतात. श्रद्धेचं सांगणं वर आलंच आहे. ही दोन्ही सांगणी आपापल्या जागी पुरी आहेत आणि दोन्हींत थरार नाही. एक दगडाबद्दल बोलतं, दुसरं चमत्काराबद्दल.

थरार सुरू होतो तो तिसरा प्रश्न विचारला की. ते दोघं का राहिले?

पानांचा माल होताना ज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, त्याला रात्री त्या पोत्यांशेजारी झोप कशी लागली असेल? पोतं उघडून त्यानं किती वेळा पाहिलं असेल? तो माल त्यानं पुढच्या बाजारात विकला का? विकला असेल तर घेणाऱ्याला काय सांगितलं? आणि ते दोघं होते, हे विसरू नका. एक परत गेला असता तर गावाला सगळं कळलं असतं, म्हणजे एकाचं जाणं दुसऱ्याच्या गप्प बसण्यावर अवलंबून होतं. भक्तीनं राहिले, भीतीनं राहिले, की एकमेकांवर पहारा ठेवायला राहिले? गॅझेटिअरमध्ये यासाठी एकही वाक्य नाही. असायचं कारणही नाही. पण त्या दोघांतल्या एकानं तोंड उघडलं आणि 'मी' म्हणून बोलायला लागला, की त्याच चार ओळींची मनोथरारकथा होते. चमत्कार तोच राहतो. बदलतो तो साक्षीदार.

२. 'म्हणे' गेल्यावर काय होतं

मराठीत 'म्हणे' हा एक फार चतुर शब्द आहे. मालाचे दगड झाले म्हणे. पानांचा माल केला म्हणे. वाक्याच्या शेवटी तो टाकला की सांगणारा जबाबदारीतून मोकळा आणि ऐकणारा विश्वास ठेवण्याच्या बंधनातून मोकळा. कोर्टाच्या भाषेत हा ऐकीव पुरावा, आणि तो सहसा चालत नाही.

रानडुकरांपायी आमच्याकडं पीक उभं असताना रात्री जागलीला जावं लागतं. मचाणावर दोघं-तिघं असले की गोष्टी निघतातच, आणि सगळ्या 'म्हणे'च्या असतात. कोणाच्या तरी मावसभावाला, कोणत्या तरी नाल्यावर, कोणी तरी दिसलं म्हणे. या गोष्टींत साक्षीदार भला असतो आणि जग बिघडलेलं असतं. मावसभावाच्या डोक्यावर शंका घ्यायची नाही, हा त्या गोष्टीचा अलिखित करार. नाल्यावर जे दिसलं तेच काय ते वाईट.

मनोथरारकथा हा करार बरोबर उलटा करते. तिच्यात जग ठीक असतं. घड्याळ चालू असतं, चहा गरम असतो, एसटी नेहमीइतकीच उशिरा येते. शंका येते ती सांगणाऱ्याची. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी या दोघांना आपण एकाच फळीवर ठेवतो, पण मला त्यांच्यातला मोठा फरक इथंच दिसतो. धारपांच्या बऱ्याच कथांमध्ये वाईट बाहेरून येतं, उंबरठा ओलांडून आत शिरतं. म्हणून त्यांना त्याच्याशी लढणारा 'समर्थ' हा नायक निर्माण करता आला. मतकरींच्या चांगल्या गूढकथेत ते आधीपासूनच घरात बसलेलं असतं, घरातल्याच कुणाचं तरी तोंड लावून. तिथं समर्थाला बोलावून उपयोग नसतो.

'म्हणे' गळून 'मी' आला की वाचक सावध व्हायला हवा. होतं उलटंच. 'मी' म्हणणाऱ्यावर आपण आधी विश्वास ठेवतो. डॅनियल गिल्बर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९९१ च्या एका लेखात हा स्पिनोझाचा जुना विचार पुन्हा मांडला: एखादं विधान समजून घेणं आणि ते खरं मानणं या दोन वेगळ्या पायऱ्या नाहीत. समजलं की मानलं जातं. न मानण्यासाठी नंतर वेगळी मेहनत करावी लागते, आणि माणूस थकलेला किंवा घाईत असला की ती राहून जाते. मनोथरारकथेचा लेखक या फटीत पाय रोवून उभा असतो. तो आपल्याला ती दुसरी मेहनत करू देत नाही, आणि शेवटी ती एकदम करायला लावतो.

३. पेला फुटला, की फोडलास?

ही कथा मराठीत विशेष चांगली का जमते याचं एक कारण आपल्या व्याकरणात आहे. त्याकडं कोणी फारसं पाहिलेलं नाही, म्हणून इथं जरा थांबतो.

तीन वाक्यं घ्या. मी पेला फोडला. माझ्या हातून पेला फुटला. पेला फुटला. घटना एकच. पहिल्या वाक्यात माणूस उभा आहे. दुसऱ्यात त्याचा फक्त हात उरला आहे. तिसऱ्यात खोलीत पेल्याशिवाय कोणीच नाही. या तीन पायऱ्या आपण दिवसभर चढत-उतरत असतो. पाच वर्षांचं पोरसुद्धा तुकड्यांशेजारी उभं राहून बरोबर तिसरी पायरी पकडतं. मग आई विचारते, "फुटला, की फोडलास?" मराठी माणसाच्या आयुष्यातली ही पहिली उलटतपासणी.

मोठेपणी पेल्याच्या जागी इतर गोष्टी येतात. बोलणं झालं. जमीन गेली. तिच्याकडे लक्ष द्यायचं राहून गेलं. आवाज चढला. यातलं एकही वाक्य खोटं नाही. खोटं न बोलता स्वतःला घटनास्थळावरून उचलून नेण्याची ही सोय आहे. (आमच्या विदर्भात तर 'केल्या गेले', 'मारल्या गेला' असंही म्हणतात. पुण्याकडचे लोक त्याला हसतात. पण कर्ता लपवायचा तर दोन्हीकडच्या क्रियापदांना तो सारखाच लपवता येतो.)

आता कल्पना करा, एक माणूस आपल्या भावाच्या मृत्यूची हकीकत सांगतो आहे. नऊ पानं तो तिसऱ्या पायरीवर उभा आहे. दार उघडं राहिलं. दिवा विझला. विहिरीचा कठडा सुटलेला होता. आणि सहाव्या पानावर, मध्येच कुठंतरी, जेवणाच्या वर्णनात, एक क्रियापद चुकून पहिल्या पायरीवर येतं: कडी मी काढली. बस्स. पुढं तो पुन्हा तिसरीवर. त्या ठिकाणी चांगल्या वाचकाच्या पोटात जो खड्डा पडतो, तो या साहित्यप्रकाराचा खरा थरार. तो शेवटच्या ओळीत नसतो. तो एका क्रियापदात असतो, आणि बऱ्याचदा पहिल्या वाचनात निसटून जातो.

४. फक्त उत्तरं असलेला कागद

तालुक्याच्या कोर्टातली जबानी ज्यांनी वाचली असेल त्यांना तिची एक गंमत ठाऊक असते. साक्षीचा पहिला भाग सरतपासणीचा. तो सलग कथेसारखा असतो. मी अमुक गावी राहतो, त्या दिवशी मी वावरात होतो, आवाज ऐकून धावलो. वाचताना सगळं खरं वाटतं. मग दुसऱ्या बाजूचे वकील उठतात. उलटतपासणीतही बहुतेक वेळा प्रश्न लिहिला जात नाही, साक्षीदाराचं उत्तर तेवढं त्याच्याच तोंडी उतरतं. त्यामुळं कागदावर अशी वाक्यं येतात: हे म्हणणे खरे नाही की माझे व मयताचे भांडण होते. हे म्हणणे खरे नाही की त्या रात्री मी वावरात गेलोच नव्हतो. हे म्हणणे खरे नाही की मी खोटे सांगत आहे.

अशी पंधरा-वीस वाक्यं सलग वाचली की अंगावर काटा येतो. कोणी काही कबूल केलेलं नाही, उलट प्रत्येक ओळीत नकार आहे. तरी न लिहिलेले प्रश्न ऐकू यायला लागतात आणि नकारांच्या आडून दुसरीच एक गोष्ट उभी राहते.

एडगर ॲलन पो यांची 'द टेल-टेल हार्ट' (१८४३) अशाच नकारानं सुरू होते. सांगणारा आपण वेडे नाही हे पटवायला निघतो, आणि पुरावा म्हणून सांगतो की म्हाताऱ्याचा खून आपण किती काळजीपूर्वक केला. विचारणारा कोण आहे ते कथेत कळतच नाही. प्रश्न पुसलेले, उत्तरं तेवढी ठेवलेली. जाता जाता सांगायला हरकत नाही की हा गडी आमच्याकडं असता तर सगळा थरार वेगळ्याच जागी अडला असता. तो पोलिसांपुढं कबूल करतो, आणि १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ प्रमाणं पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध चालत नसे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही तो चालत नाही. त्याच्या सांगण्यावरून फळीखालचं प्रेत निघालं, एवढाच भाग ग्राह्य धरला जाईल. हृदयाचे ठोके कागदावर येणार नाहीत.

एकतर्फी बोलण्याची ही युक्ती आपल्याकडंही शंभर वर्षांपूर्वीच आली, पण थरारकथेच्या खात्यात तिची नोंद कोणी केली नाही. दिवाकरांनी १९११ पासून नाट्यछटा लिहिल्या, रॉबर्ट ब्राउनिंगच्या एकतर्फी संवादांवरून स्फूर्ती घेऊन. नाट्यछटेत एकच माणूस बोलतो. समोरचा काय म्हणाला ते आपण त्याच्या उत्तरावरून ताडायचं. बोलणारा स्वतःबद्दल जेवढं सांगू पाहतो त्याहून जास्त सांगून बसतो. ब्राउनिंगच्या 'माय लास्ट डचेस'मध्ये (१८४२) एक सरदार भिंतीवरचं चित्र दाखवता दाखवता बायकोचं काय केलं ते सुचवून जातो, आणि पुढच्या लग्नाच्या बोलणीकडं वळतो. दिवाकरांच्या हातात तीच युक्ती सामाजिक ढोंगावर चालली. खुनाकडं ती वळली नाही. पण वाचकाकडून घ्यायचं काम तेच. शाळेत नाट्यछटा हावभावांसह म्हणायला लावून आपण तिच्यातला हा धारदार भाग घासून टाकला, याचं मला वाईट वाटतं.

आणि जपानच्या अकुतागावानं तर १९२२ मध्ये सगळा आडपडदाच काढून टाकला. त्याची 'इन अ ग्रोव्ह' ही कथा म्हणजे एका खुनाबद्दलच्या सात साक्षी, एकामागून एक. लाकूडतोड्या, भिक्षू, शिपाई, म्हातारी, दरोडेखोर, बाई आणि मांत्रिकाच्या तोंडून बोलणारा खुद्द मेलेला माणूस. न्यायाधीशाचा आवाज नाही, निकाल नाही. दरोडेखोर, बाई आणि मेलेला, तिघंही मारल्याचा दोष स्वतःकडं घेतात. यावरच कुरोसावांचा 'राशोमोन' (१९५०) बेतलेला आहे. चित्रपटानं पुढं आणखी एक साक्ष आणून गुंता थोडा सैल केला. कथेनं तसं काही केलं नाही, म्हणून मला कथा जास्त कठोर वाटते.

५. मग ती छोटी का असते

इथं 'वेळ नाही' या उत्तराकडं येऊ. पो यांनी १८४२ मध्येच लिहून ठेवलं होतं की कथा एका बैठकीत, अर्ध्या तासापासून एक-दोन तासांत संपावी, म्हणजे तिचा परिणाम एकसंध राहतो. तेव्हा फोन नव्हता, रील नव्हती. लांबीचा संबंध वाचकाच्या सवडीशी लावणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

माझ्या मते कारण आणखी एक आहे. सांगणाऱ्यावरचा विश्वास ही उधारी आहे, आणि उधारीला मुदत असते. तीनशे पानांच्या कादंबरीत इतर साक्षीदार येतात. शेजारी बोलतात, पत्रं सापडतात, तारखा जुळत नाहीत. वाचकाला उलटतपासणीची संधी कादंबरीच देते, आणि लबाड निवेदक एकतर पकडला जातो किंवा इतका ओळखीचा होतो की आपण त्याला माफ करून टाकतो. दहा पानांत यातलं काही होत नाही. आपण पूर्ण विश्वासात असताना कोर्ट उठतं.

गुप्तहेरकथा याच्या दुसऱ्या टोकाला आहे, म्हणून ती कितीही लांब चालते. बाबूराव अर्णाळकरांचा झुंजार किंवा काळा पहाड आपल्या वतीनं सगळी तपासणी करून टाकतो. आपण निवांत मागं चालायचं. अर्णाळकरांच्या पुस्तकांवर दोन पिढ्यांनी वाचायला शिकून घेतलं, तेव्हा हे मी हिणवून म्हणत नाही. पण तिथं वकीलपत्र दुसऱ्याकडं असतं. मनोथरारकथेत ते आपल्या हातात कोंबलं जातं, तेही खटला संपल्यावर.

म्हणूनच ही कथा मासिकात शोभली. अनंत अंतरकरांच्या 'हंस' आणि 'नवल'सारख्या मासिकांनी गूढ, भय आणि विस्मय यांना घर दिलं. त्या कथा दिवाळी अंकाच्या पानांत जाहिरात, कविता आणि राशिभविष्य यांच्या मध्ये येत. कथा संपली की लगेच तेलाची जाहिरात, आणि वाचक मात्र अजून त्या साक्षीदाराच्या मागं धावतोय. ती रिकामी जागा कथेच्या लांबीइतकीच तिच्या घडणीचा भाग होती. आज फोनवर एक कथा संपायच्या आत दुसरी सरकून येते. त्यामुळं छोटी कथा वाढली असेल, पण तिच्यानंतरची शांतता कमी झाली. हे या प्रकाराचं भाग्य उजळणं नव्हे.

६. आणि धक्का?

धक्का हेच सर्वस्व असतं तर शेवट आधी कळलेली कथा शिळी व्हायला हवी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत लेविट आणि क्रिस्टनफेल्ड यांनी २०११ मध्ये बारा लघुकथा घेऊन हे तपासलं. त्यांत रहस्यकथा होत्या, शेवटी कलाटणी मिळणाऱ्याही होत्या. ज्यांना शेवट आधीच सांगितला होता त्या वाचकांना कथा उलट अधिक आवडल्या. नंतरच्या काही अभ्यासांत विरुद्ध निष्कर्षही निघाले, म्हणून याला मी शेवटचा शब्द मानत नाही. पण धक्का गेला की सगळं गेलं, हे काही त्यातून निघत नाही.

शिवाय रोआल्ड डाल यांची 'लँब टू द स्लॉटर' (१९५३) पाहा. नवरा सोडून जाणार असं सांगतो, बायको गोठवलेली मेंढीची तंगडी त्याच्या डोक्यात घालते, तीच तंगडी भट्टीत शिजवून तपासाला आलेल्या पोलिसांना खाऊ घालते. खून कोणी केला हे सुरुवातीलाच माहीत. दडवलेलं काही नाही. तरी कथा हातातून सुटत नाही, कारण ती बायको आरशापुढं उभी राहून वाण्याशी काय बोलायचं त्याची तालीम करते आणि आपण मनात म्हणतो, आवाज जरा सहज ठेव. आपण खोट्या साक्षीदाराला पढवत असतो. पोलिस पुरावा चावत असतात आणि आपल्याला हसू येतं. मनोथरारकथा 'मी'च्या तोंडूनच सांगितली पाहिजे का, हा आक्षेप इथं आपोआप मिटतो. तृतीयपुरुषी कथेत उलटतपासणी होते ती वाचकाची स्वतःची: हसलास का?

मतकरींनी स्वतःच्या कथेवरून काढलेल्या 'इन्व्हेस्टमेंट'ला २०१२ चा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिथंही प्रश्न गुन्हा कोणी केला हा नाही. घरातल्या मुलावर शाळेतल्या मुलीच्या मृत्यूचा आळ आहे, आणि सुशिक्षित, महत्त्वाकांक्षी आईबाप ते निस्तरायला निघतात. अंगावर येतं ते हे, की त्यांची वाक्यं आपल्याला पाठ असतात. पोराच्या भविष्याचा विचार करावा लागतो. झालं ते झालं. पुन्हा तीच तिसरी पायरी.

७. तीन आक्षेप

पहिला आक्षेप आमच्याच भागातून येतो, आणि तो सगळ्यात जड आहे. ज्या वर्धा जिल्ह्याचं नाव २००६ मध्ये शेतकरी-आत्महत्यांसाठीच्या पंतप्रधानांच्या पॅकेजमधल्या सहा जिल्ह्यांत आलं, जिथं पऱ्हाटीवर बोंडअळी पडली की वर्षाचा हिशेब फिरतो, तिथं बनावट भीती विकत घ्यायची कशाला? याला 'विरंगुळा' हे उत्तर मी देणार नाही. माणूस थकलेला असताना मन विरंगुळ्याला हलकं गाणं मागतं, खोटारड्याची जबानी मागत नाही. मला वाटतं उत्तर असं आहे: अळीची भीती खरी आहे, पण ती अळीची आहे. तिच्याखाली दुसरी एक भीती असते, ती शब्दाची. बियाणं देणाऱ्यानं सांगितलेलं, हिंगणघाटच्या बाजारात भाव सांगणाऱ्यानं सांगितलेलं, सावकारानं तोंडी कबूल केलेलं, भावानं वाटणीत म्हटलेलं. इथला अर्धा व्यवहार आजही बोलण्यावर चालतो. ज्याचं बोलणं ऐकून आपण पाऊल उचललं तो माणूस कोण होता, हा प्रश्न इथं कादंबरीतला नाही. छोट्या गावात अनोळखी माणूस भीतीदायक नसतो, त्याला सगळे पाहतातच. ओळखीचा माणूस तपासायची सवय मात्र कोणालाच नसते. मनोथरारकथा ती सवय लावते असा दावा मी करणार नाही. कथा वाचून फसवणूक टळल्याचं मी पाहिलेलं नाही. ती फक्त त्या भीतीला बोलायला जागा देते.

दुसरा आक्षेप उलटतपासणीवरच आहे. तपासणारा तरी कुठं धुतल्या तांदळासारखा असतो? विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ मध्ये रंगभूमीवर आलं. गंमत म्हणून मांडलेला अभिरूप खटला बेणारे बाईंना कसा सोलून काढतो ते त्यात दिसतं. प्रश्न विचारणारे सगळे सभ्य, ओळखीचे, आणि सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलेलं. मी वाचकाच्या ज्या कामाचं कौतुक करतो आहे त्यात ही चव मिसळलेली आहे, हे मान्य करावंच लागतं. दुसऱ्याचं मन उकलण्यातला आनंद स्वच्छ नसतो. वाईट मनोथरारकथा हा आनंद फुकट पुरवते. चांगली कथा त्याची किंमत वसूल करते: शेवटी कठड्यात आपण उभे असतो. पण सगळ्या कथा चांगल्या नसतात, आणि या प्रकारात तर वाईट कथांचा ढीग मोठा आहे.

त्यातूनच तिसरा आक्षेप निघतो, तो मी स्वतःच घेतो. निम्म्याहून जास्त लेखक शेवटी एकच कुलूप लावतात: तो वेडा होता. किंवा ती वेडी होती. बाई असली की लेखकाला हे कुलूप आणखी लवकर सापडतं. ही चोरी आहे. मानसिक आजार असलेली माणसं गावोगाव आहेत, आणि बहुतेकांच्या नशिबी दुसऱ्याला मारणं नसून दुसऱ्याचा मार खाणं येतं. त्यांना खलनायक करणं अन्याय तर आहेच, पण माझी तक्रार कारागिरीचीही आहे. 'वेडा होता' म्हटलं की साक्षच रद्द. मागची नऊ पानं कागद म्हणून निकामी. वाचकाला करायला काम उरत नाही. कथा खरी की नकली ते ओळखायची माझी कसोटी साधी आहे. शेवट कळल्यावर मागं जावं आणि एखादं मधलं वाक्य पुन्हा वाचावं. तेच शब्द, तोच क्रम, पण अर्थ सरकला असेल तर कथा खणखणीत. वाक्य जिथल्या तिथं निर्जीव पडलं असेल आणि फक्त शेवट ओरडत असेल, तर लेखकानं आपल्याला साक्षीला बोलावून नुसतं बाकावर बसवून ठेवलं.

पो यांचा खुनी वेडा नाही का, असं कोणी विचारेल. असेलही. पण त्याला वेडा म्हणून फाइल बंद करता येत नाही, कारण नीटनेटकेपणाचा त्याचा अभिमान आपल्या ओळखीचा आहे. काम चोख केल्याचं समाधान. पाहुण्यांना स्वतः खुर्च्या देणं, आणि आपली खुर्ची नेमकी त्या जागेवर ठेवणं. हे वेडाचं लक्षण नाही. हे हुशार माणसाचं लक्षण आहे.

८. गिरडला परत

त्या दोन व्यापाऱ्यांची कथा कोणी लिहायला घेतली तर चमत्कार खरा होता की नाही या वादात त्यानं पडू नये. तो खराच धरावा. साक्षीदार खरा धरतो आहे एवढं पुरे. दगड झालेला माल त्यानं मोजला असणार, व्यापारी माणूस आहे. नवा मालही मोजला असणार. दोन्ही आकडे त्याच्या तोंडी द्यावेत आणि ते जुळू नयेत. दुसऱ्या भागीदाराचं नाव तो सुरुवातीला घेईल, पुढं 'तो' म्हणेल, आणि शेवटी नुसतं 'आम्ही'. कबर आधी कोणाची झाली ते तो सांगणार नाही. विचारणाऱ्याचे प्रश्न लिहूच नयेत. उत्तरं तेवढी उतरवावीत, कोर्टाच्या कागदासारखी, एकाखाली एक:

हे म्हणणे खरे नाही की आम्ही फकिराची थट्टा केली तेव्हा मी हसलो नव्हतो. हे म्हणणे खरे नाही की नव्या पोत्यांतला माल आम्ही कोणाला विकला. हे म्हणणे खरे नाही की पावसाळ्यात त्या पोत्यांना पाचोळ्याचा वास येत असे. हे म्हणणे खरे नाही की माझा भागीदार घरी जायला निघाला होता.